तुम्ही आधीच आत आहात

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला अर्मेलने औषधांच्या दुकानातलं शेवटचं गिऱ्हाईक वाटेला लावलं, पांढरा डगला खुंटीला अडकवला आणि गाडी लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांचं एक पाकीट पर्समध्ये टाकलं. गोळ्या सोलांजसाठी. शाळेच्या सहलींपासून सोलांजला वळणांच्या रस्त्यावर मळमळायचं आणि गोळी द्यायचं काम अर्मेलकडे असायचं. दोघी आता पन्नाशी ओलांडलेल्या, पण ते काम अजून तिच्याकडेच होतं.

दोन गल्ल्या सोडून सोलांजचं केस कापायचं दुकान. ती बाहेर फुटपाथवर उभी होती, हातात लहानशी बॅग. नोव्हेंबरचं धुकं सकाळपासून आमियां शहरावर बसून होतं, आणि त्यात तिचा करडा कोट, करडे केस, सगळं असं मिसळून गेलं होतं की अर्मेल तिच्या पुढे चार पावलं निघून गेली आणि मग थांबली.

"अगं, हाक मारायची नाही का?"

"तू थांबशील, माहीत होतं," सोलांज म्हणाली आणि हसली.

गाडीत बसल्यावर अर्मेलने गोळी पुढे केली. सोलांजने मान हलवली. "नको. हल्ली नाही लागत गाडी."

ही सहल सोलांजचीच कल्पना होती, आणि अर्मेलला ती पहिल्यापासून नको होती. त्याला कारण होतं. सात वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, याच दोघी समुद्रकाठच्या याच हॉटेलात होत्या. कड्याच्या टोकावर उभं असलेलं ते मोठं थोरलं हॉटेल, त्याच्या पोटात कॅसिनो. त्या वेळची सोलांज वेगळी होती. आवाज मोठा, केस तांबूस रंगवलेले, शिवी ओठावर, आणि रूलेटचं चाक दिसलं की जेवणाखाण्याची शुद्ध नाही. त्या रविवारी ती टेबलावरून उठेना. अर्मेलने विनवलं, ओढलं, चारचौघांत भांडली. शेवटी तिचं डोकं फिरलं. "बैस मग इथेच," ती म्हणाली, "जन्मभर बैस." आणि एकटीच गाडी घेऊन घरी निघून आली.

सोलांज मंगळवारी आगगाडीने परतली. अंगात कोट नाही, चेहरा पांढराफटक. पण त्या दिवसापासून तिने जुगाराला हात लावला नाही. स्वतः जाऊन जुगारबंदीच्या यादीत नाव घातलं. दुकान सांभाळलं. आवाज चढवणं सोडलं, शिव्या सोडल्या. लोक म्हणाले, बाई सुधारली. फक्त अर्मेलला एक गोष्ट टोचत राहिली. सोलांज तिच्यावर कधी चिडलीच नाही. त्या रविवारबद्दल एक शब्द नाही, एक टोमणा नाही. जुन्या सोलांजने आठवडाभर बोलणं टाकलं असतं, मग दारू पिऊन रडली असती, मग अर्मेलच्या गळ्यात पडली असती. ही नुसती हसायची.

आता सोलांजची मुलगी क्लेमांस बाळंत झाली होती. कामावर रुजू होताना बाळ आईकडे ठेवायचं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. "तिला एकदा दाखवायचंय मला," सोलांज म्हणाली होती, "की मी त्या टेबलाजवळ जाते आणि चालत बाहेर येते. तू साक्षीला चल."

नाही कसं म्हणणार? सात वर्षांपूर्वी जिला सोडून आलो, तिने बोलावल्यावर?

हॉटेलला पोचल्या तेव्हा चार वाजले होते. हंगाम संपलेला, अर्ध्या मजल्यांचे दिवे बंद. गालिचांना ओलसर वास, आणि त्या वासाखाली मेणाचा आणि समुद्राचा. खोली सुरेख होती, पलंग लांबरुंद, खिडकीखाली सरळ कडा तुटलेला, आणि त्याच्या पायथ्याशी न दिसणारं पाणी गोटे खालीवर ओढत होतं. खर्र… खर्र. अर्मेलने खिडकी लावली. कोंदट वाटलं म्हणून उघडली. पुन्हा लावली. बॅगेतले कपडे कपाटात टांगले, दोन मिनिटांनी काढून पुन्हा घडी केले.

"किती फिरतेस गं," सोलांज म्हणाली. ती आल्यापासून खुर्चीत बसली होती, कोटसुद्धा न काढता.

"तू घाबरलेली नाहीस?"

"मी? कशाला?"

अर्मेलने पर्स उचलली. "चल मग, उरकून टाकू," ती म्हणाली.

कॅसिनोच्या दारात ओळखपत्र दाखवावं लागतं. काचेमागे एक वयस्कर गृहस्थ बसले होते, चष्मा नाकाच्या टोकावर, अंगात लाल जाकीट. त्यांनी अर्मेलचं कार्ड पाहिलं, मान डोलावली. सोलांजचं कार्ड हातात घेतलं आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"काही अडचण आहे का?" अर्मेलने विचारलं. "बंदीची मुदत संपली आहे तिची. आम्ही चौकशी केली होती."

"तसं नाही, मादाम. बंदी वगैरे काही नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण या मादाम आधीच आत आहेत."

"म्हणजे?"

"आत गेल्याची नोंद आहे. बाहेर आल्याची नाही."

सोलांज हसली. "यंत्राचं काय हो, म्हातारं झालं असेल."

"असेलही," ते गृहस्थ म्हणाले, पण हसले नाहीत. त्यांनी कार्ड परत केलं, आणि मग काहीतरी आठवल्यासारखे उठून मागच्या खोलीत गेले. आले ते हातावर एक कोट घेऊन. मोहरीच्या रंगाचा, मोठ्या कॉलरचा लोकरी कोट. "हा तुमचाच ना? तुम्ही आत असल्यामुळे आम्ही हलवला नव्हता."

अर्मेलने तो कोट ओळखला. तो विकत घेतला तेव्हा ती बरोबर होती. एवढ्या वर्षांत त्यावर धूळ बसायला हवी होती. पण कॉलरवर धुक्याचे बारीक थेंब होते, जणू कोणी आत्ताच बाहेरून येऊन तो काढून दिला होता.

"नको," सोलांज म्हणाली. "राहू दे इथेच." आणि ती आत गेली.

आत खिडक्या नाहीत, घड्याळं नाहीत. दुपार आहे की पहाट, कळायला मार्ग नाही. यंत्रांच्या रांगांमधून दोनचार म्हातारी माणसं बसलेली, आणि सगळ्यात शेवटी, दोन पायऱ्या उतरून, रूलेटची टेबलं. अर्मेलने सोलांजचं कोपर धरलं होतं. जाड कोटाच्या बाहीतून तिच्या बोटांना नुसतं कापड लागत होतं.

तिसऱ्या टेबलाशी एक खुर्ची जराशी मागे सरकवलेली होती. बाकीच्या खुर्च्या टेबलाला चिकटून, ही एवढीच वेगळी. तिच्या मखमलीत खोलगट खड्डा पडलेला, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा. समोर अर्धा उरलेला पुदिन्याच्या सरबताचा पेला, काठाला लाल ओठांचा ठसा. आणि टेबलावर पैजेच्या पाचसहा चकत्यांचा एक ढीग, सतरा आकड्यावर.

चाक फिरवणारा उंच, हडकुळा माणूस होता. त्याने सोलांजकडे पाहून मान लववली. "मादाम, तुमची जागा राखलेली आहे."

"मी खेळत नाही," सोलांज म्हणाली.

"जशी इच्छा." त्याने पांढरी गोळी चाकात सोडली. ती घरंगळत राहिली, घरंगळत राहिली. गोळी कुठे पडली ते अर्मेलने पाहिलं नाही. तिने मैत्रिणीला जवळजवळ ढकलतच पायऱ्यांवरून वर आणलं, आणि दोघी बाहेर पडल्या.

"झालं की नाही?" सोलांज म्हणाली. "आले ना मी चालत बाहेर?"

"आलीस बाई." अर्मेल मागे न बघता चालत राहिली. "आता उद्या सकाळी उठून सरळ घरी."

जेवायला कालवं मागवली. लिंबू, पाव, लोणी, थंडगार पांढरी वाइन. जुनी सोलांज डझनभर कालवं एकटी उडवायची आणि शिंपल्यातलं पाणी आवाज करून प्यायची. ही शिंपले ताटात इकडून तिकडे करत राहिली. अर्मेलने सगळी स्वतः खाल्ली, मग सफरचंदाचा केकही खाल्ला, भुकेने नव्हे, हाताला काम हवं म्हणून.

झोप लागली नाही. खाली पाणी गोटे ओढत राहिलं. शेजारच्या पलंगावरून सोलांजच्या श्वासाचा आवाज येत नव्हता, आणि अर्मेलने तीनदा हाक मारली. तिन्ही वेळा लगेच, ताज्या आवाजात उत्तर आलं. "काय गं?"

रविवारी नाश्ता झाल्यावर बॅगा भरून झाल्या. अर्मेल बिल चुकतं करायला खाली गेली. परत आली तर खोलीत सोलांज नव्हती. तिची बॅग दाराशी होती, पण कोट नव्हता. बाथरूममध्ये नाही, जिन्यात नाही. अर्मेल धावत नाश्त्याच्या दालनात गेली, गच्चीवर गेली. धुक्यात खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या होत्या. मग तिला कळलं की आपण एका जागी जायचं टाळतोय.

लाल जाकिटातले गृहस्थ काचेमागे होते.

"माझी मैत्रीण… करड्या कोटातली… आत आली का?"

"त्या आतच आहेत, मादाम," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जरासं नवल होतं, हे पुन्हा पुन्हा काय विचारता, अशी.

दोन पायऱ्या. तिसरं टेबल. सकाळची वेळ, बाकी टेबलं झाकलेली. त्या एकाच टेबलावर दिवा होता. त्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं, पाठमोरं, पुढे वाकून. अर्मेलच्या मनात आधी राग आला, आणि रागाने तिला बळ दिलं.

"सोलांज! ऊठ. ऊठ म्हणते ना!"

"थांब गं… ही एवढी एक फेरी."

आवाज घोगरा होता. सिगारेटींनी खरवडलेला, भरडा. तो आवाज अर्मेलने सात वर्षांत ऐकला नव्हता. आणि केस… दिव्याखाली तांबूस केस.

पाठमोरी बाई वळली.

लिपस्टिक ओठाबाहेर गेलेली. डोळे लालबुंद. कपाळाला घाम. अंगात हिरवा स्वेटर, त्याचं एक बटण तुटलेलं, भांडताना अर्मेलच्याच हाताने तुटलेलं. तिने अर्मेलकडे पाहिलं, आणि त्या थकलेल्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की पाहवेना.

"आलीस होय परत, म्हशे! मला वाटलं, खरंच गेलीस." ती हसली, खोकली. मग तिचं हसू अर्धवट राहिलं. ती निरखून बघू लागली. "अगं… तुझे केस? मघाशी तर धडधाकट होतीस. अर्ध्या तासात एवढी म्हातारी कशी झालीस?"

अर्मेलचा हात आपसूक केसांकडे गेला.

"बोल की काहीतरी! शिव्या दे, चालेल. चुकलंच माझं." तिने आवाज खाली आणला. चाक फिरवणारा समोर उभा होता, हात मागे बांधून, नजर छताकडे. "ऐक… मी उठणारच होते. तू गेलीस ना, तेव्हाच उठणार होते, तुझ्या मागे येणार होते. पण पाय बधिर झालेत. उठवतच नाहीये मला… तू ओढ. ओढ ना गं."

आणि तिने अर्मेलचा हात धरला.

तो हात गरम होता. घामट, जडशीळ, नखांच्या कडेला केसांच्या रंगाचे डाग. शाळेच्या मैदानावर, लग्नात, सोलांजच्या नवऱ्याच्या शवपेटीशी, चाळीस वर्षं अर्मेलने हाच हात धरला होता. एक क्षणभर तिने खरोखर ओढलं. पूर्ण वजन आलं हातावर. खुर्ची करकरली. बाई इंचभर वर उठली… दोन इंच… तिच्या तोंडून कण्हण्याचा आवाज आला…

"गोळी सोडतो आहे," चाक फिरवणारा शांतपणे म्हणाला. "कृपया टेबलापासून हात दूर ठेवा."

गोळी चाकात पडली, आणि त्या आवाजासरशी अर्मेलच्या अंगातून भीती वीज गेल्यासारखी गेली. तिने हात हिसडून सोडवला. धप्पकन वजन पुन्हा खुर्चीत बसल्याचा आवाज झाला. ती पळाली. पायऱ्यांवर ठेचकाळली, उठली, पळाली.

"अर्मेल!" मागून हाक आली. "अगं, मस्करी पुरे! अर्मेल…"

लाल जाकिटातल्या गृहस्थांसमोरून ती बाहेर आली तेव्हा सोलांज दिवाणखान्यात उभी होती. करडा कोट, करडे केस, दोन्ही हातांत दोघींच्या बॅगा.

"कुठे होतीस?" ती म्हणाली. "मी जरा समुद्र बघून आले. निघू या?"

अर्मेल तिच्याकडे बघत राहिली. तोच चेहरा. चाळीस वर्षं ओळखीचा. डाव्या भुवईवरची खूण, सायकलवरून पडल्याची. काय सांगायचं हिला? आत तू बसली आहेस? उठवत नाहीये तुला?

"तुला बरं नाही वाटत का?" सोलांजने मायेने विचारलं.

"नाही… झोप झाली नाही. चल."

गाडी निघाली. कड्यावरचा रस्ता, मग पानं झडलेल्या सफरचंदांच्या बागा, मग महामार्ग. सोलांज सहज गप्पा मारत होती. बाळाला कुठल्या खोलीत झोपवायचं, पाळणा खिडकीपासून लांब हवा, क्लेमांसला आज संध्याकाळीच फोन करते. अर्मेल हूं हूं करत होती. तिचा उजवा तळवा अजून ओला होता. तिने तो दोनदा स्कर्टला पुसला. अंगातलं भूत उतरावं तसं हळूहळू तिने मनाला समजावायला सुरुवात केली. रात्रभर जागरण. जुना अपराध. अंधारी जागा, कोणीतरी परकी बाई, तांबूस केसांची. आपण एका परक्या बाईचा हात धरला आणि पळत सुटलो. एवढंच.

अर्ध्या वाटेवर पेट्रोल भरायला ती थांबली. दुकानातून सहकाऱ्यांसाठी सायडरच्या, सफरचंदाच्या दारूच्या, दोन मोठ्या बाटल्या घेतल्या, आपल्या पर्सवजा मोठ्या बॅगेत कोंबल्या. उजेडात, माणसांत, कॉफीच्या वासात तिला बरं वाटलं. सोलांज आधीच गाडीत जाऊन बसली होती. अर्मेल चाकामागे बसली, बॅग मांडीवर घेतली आणि गाडी सुरू केली.

वसंतात घेतलेली ही गाडी फार कटकटी होती. शेजारच्या सीटवर काहीही ठेवा, पट्टा लावा म्हणून बोंब मारायची. बटाट्यांची पिशवी ठेवली तरी बोंब. एकदा पावांच्या टोपलीला तिने हसत हसत पट्टा बांधला होता.

पट्टा सोलांजच्या खांद्यामागे तसाच लोंबत होता.

गाडी पंपावरून बाहेर पडली, शेवटच्या दिव्याच्या खांबापाशी आली. इंजिनाची घरघर, काच पुसणाऱ्या काडीची सरसर. बाकी काही नाही. अर्मेलने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. सोलांज सीटवर नीट टेकून बसली होती, हात जुळवून, धुक्याकडे बघत. सीटच्या कापडावर एकही वळी पडलेली नव्हती.

"अगं, ती बॅग मांडीवर घेऊन काय चालवतेस," सोलांज म्हणाली. "हात अडकेल. दे इकडे."

तिने हात लांब करून बॅग उचलली आणि आपल्या मांडीवर ठेवली.

तत्क्षणी गाडी किंचाळू लागली. समोर लाल दिवा उघडझाप करू लागला.

"अरेच्चा," सोलांज हसून म्हणाली आणि पट्ट्याकडे हात नेला. "माझं लक्षच नव्हतं."